आबांचा आवाज आणि माझा साडेतेरा किलोंचा अ‍ॅम्प्लिफायर

माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचं वजन साडेतेरा किलो आहे. हे मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आणि प्रत्येक जण चहा लवकर संपवतो.

अठरा वर्षांपूर्वी मी तो होम थिएटरसकट घेतला. पाच स्पीकर आणि कोपऱ्यात घुमणारा एक सब-वूफर. तेव्हापासून तीन टीव्ही बदलले, कोथरूडमधलं घर दोनदा रंगवून झालं, माझे केस गेले. अ‍ॅम्प्लिफायर मात्र तसाच. त्यामुळे माझी लेक सई जेव्हा म्हणाली, "बाबा, माझ्या फिल्मचा साउंड तुमच्या सेटवर नाही चालणार, नवा फॉरमॅट आहे," तेव्हा माझा जो भडका उडाला, तो पुढचे दोन दिवस विझलाच नाही.

"नाही चालणार म्हणजे? साडेतेरा किलोंचा आहे तो!"

"वजनाचा काय संबंध?"

"संबंध कसा नाही? हल्लीच्या वस्तू उचलून बघ. खोकं मोठं, आत सगळी हवा!"

फिल्म कसली ते सांगायला हवं, नाहीतर माझं पाप किती मोठं ते कळायचं नाही. सई ध्वनिसंयोजन शिकते. तिची ही पहिलीच फिल्म, बारा मिनिटांची, तिच्या आजोबांवर. माझे वडील, आबा, एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. बत्तीस वर्षं त्यांनी माइकवरून गाड्या सांगितल्या. असा खणखणीत आवाज, की झोपलेला प्रवासी उठून बरोबर आपल्या फलाटावर जाऊन उभा राहायचा. गेल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. आता नुसती घोगरी कुजबुज उरली आहे. सईने फिल्म त्याच्या आधी चित्रित केली होती. थोडक्यात, आबांचा आवाज जगात फक्त तेवढ्या बारा मिनिटांत शिल्लक होता. रविवारी संध्याकाळी तो आबा स्वतः ऐकणार होते.

सई म्हणाली होती, "मैत्रिणीकडून नवा साउंडबार आणते, एका दिवसाचा तर प्रश्न." मी म्हणालो, "माझ्या बापाचा आवाज उसन्या दांडक्यातून येणार नाही!" (हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.)

शनिवारी सकाळी मी टीव्हीची जुनी वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. चित्र आलं, आवाज नाही. पडद्यावर पाटी आली की हा ध्वनिप्रकार या जोडणीवर चालत नाही. मी चिडलो. वायर काढून फुंकली, पुन्हा लावली. पाटी पुन्हा आली. टीव्हीने मला माझ्याच घरात दोनदा नाही म्हटलं!

तडक बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराला सगळं सांगितलं. तो स्क्रू मोजत होता, मोजतच राहिला.

"नवीन घ्या."

"जुना उत्तम चालतोय."

"मग जुनी गाणी ऐका."

"अहो, साडेतेरा किलोंचा आहे!"

"भंगारवाला किलोवर घेतो. आम्ही नाही."

मी असा काही तापलो, की त्याने मुकाट्याने काउंटरखालून एक डबी काढली. नवा आवाज एका बाजूने आत घ्यायचा, डबी त्याची फोड करणार, आणि दुसऱ्या बाजूने सहा वायरी जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीत खुपसायच्या. प्रत्येक स्पीकरची वायर वेगळी. "सगळे स्पीकर जागेवर आहेत ना, तेवढं बघा," तो म्हणाला. मी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याने पुन्हा पहिल्या स्क्रूपासून मोजायला घेतलं.

रविवारी सकाळी अंघोळ करून आधी देवघरात गेलो. देवांपुढे चौरंगावर डोकं टेकवलं, "यश दे" म्हणालो, आणि टीव्हीच्या मागे शिरलो. तिथे एक जादा वायर लोंबकळत होती, कशालाच न लावलेली. "या घरात कोण कुठली वायर कुठे सोडेल, काही नेम नाही!" मी ओरडलो. स्वयंपाकघरातून माझी बायको मंजिरी म्हणाली, "अहो, तिथे तुमच्याशिवाय कुणी जात नाही. मला तर झाडूसुद्धा घालू देत नाही तुम्ही." मी ती वायर रागारागाने गुंडाळली, तिला चिकटपट्टी लावली आणि कपाटामागे ढकलून दिली.

मग पहिलं अर्धं मिनिट लावून पाहिलं. (सईची ताकीद होती, पुढे बघायचं नाही.) काय सांगू! डावीकडून एसटीचा भोंगा, उजवीकडून चहावाला, पाठीमागून चक्क एक गाडी रिव्हर्स येत होती. मी सोफ्यावर पाय वर घेतले! सईला हाक मारली, "ऐक! म्हणे चालणार नाही!" ती हसली. त्या दिवशीचं तिचं ते शेवटचं हसू.

पाच वाजता आबा मधल्या खुर्चीत बसले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. समोरच्या फ्लॅटमधले लेलेकाका खास बोलावले होते. मी अ‍ॅम्प्लिफायरचं वजन सांगितलं आणि फिल्म सुरू केली.

भोंगा आला. चहावाला आला. गाडी रिव्हर्स आली. मग पडद्यावर आबा आले, आमच्याच गॅलरीत बसलेले. त्यांनी तोंड उघडलं. चिमण्या चिवचिवल्या. आबा बोलत होते, हातवारे करत होते, आणि घरभर फक्त चिमण्या, कुकरची शिट्टी आणि लांबवर कुणाची तरी स्कूटर.

"मूकपट आहे का?" लेलेकाकांनी विचारलं.

मी आवाज वाढवला. चिमण्या गिधाडांएवढ्या झाल्या. अजून वाढवला. कुकरच्या शिट्टीने खिडकीची काच थरथरली. पडद्यावरचे आबा मिश्कील हसून घराच्या आत बोट दाखवत होते, जिथे मी मागे अ‍ॅम्प्लिफायर पुसत उभा होतो. माझ्याबद्दल काहीतरी चांगलं बोलत असणार, आणि तेही ऐकू येईना! खुर्चीतले आबा पुढे झुकून स्वतःच्याच ओठांकडे बघत होते.

"बाबा, सेंटर स्पीकर चालू आहे का?" सई म्हणाली. "माणसांचा आवाज मधल्या स्पीकरमधून..."

"मला शिकवू नकोस! अठरा वर्षं जागेवर आहेत सगळे! तुझंच मिक्सिंग चुकलंय. चिमण्या ऐकू येतात आणि आजोबा नाही? हेच शिकवतात का कॉलेजात?"

लेलेकाका एकदम पंख्याकडे बघायला लागले. सई उठली, तिच्या खोलीत गेली आणि दार लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. हळूच लावलं. लेलेकाका "दूध तापत ठेवलंय" म्हणून गेले. (त्यांच्याकडे दूध सकाळीच तापतं.)

मी आवाजाचं बटण तिथेच ठेवून एकेक वायर उपटून पाहत होतो आणि टीव्ही, दुकानदार, चिमण्या सगळ्यांना शिव्या देत होतो. दिवेलागण झाली. तेव्हा आबांनी बोटाने मला जवळ बोलावलं आणि कुजबुजले,

"विनायक, फलाट किती?"

"म्हणजे?"

"स्पीकर रे."

"पाच."

"मग ओरडतोस काय? गाड्या मोज."

मोजल्या. डावा, उजवा, मागचे दोन. चार. टीव्हीखाली मधल्या जागेवर आमच्या लग्नाचा फोटो होता. तो बोलणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात मंजिरी देवाला दिवा लावून बाहेर आली.

"मंजिरी, इथला स्पीकर कुठे गेला? काळा, आडवा, पुढे जाळी असलेला?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, त्याच्यावर देव बसलेत."

"काय?"

"आठ वर्षांपूर्वी गणपतीत ऐनवेळी चौरंगाचा पाय मोडला. गुरुजी दारात उभे. तुम्हीच तो ठोकळा उचकटून आणलात, लाल कापडात गुंडाळलात आणि म्हणालात, दहा दिवसांचा तर प्रश्न. गणपती गेले, मग देव तिथेच बसवले. उंची बरोबर होती."

म्हणजे आठ वर्षं मी रोज सकाळी सेंटर स्पीकरवर डोकं टेकवत होतो! आठ वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोवर टीव्हीचा साधा आवाज डाव्या-उजव्या स्पीकरमधूनच यायचा. माणसांचा आवाज वेगळा करून मध्ये पाठवणारा शहाणा फॉरमॅट आत्ता आला.

"देवांना उतरव," आबा कुजबुजले. "मला ऐकायचंय."

मंजिरीने सगळे देव ताम्हणात घेऊन ताम्हण माझ्या हातात दिलं आणि कापड सोडलं. स्पीकरच्या जाळीत हळद-कुंकू, कडेला तेलाचा ओघळ. कपाटामागची ती "जादा" वायर तिनेच ओढून काढली, चिकटपट्टी सोलली आणि जोडली. फिल्म आबा दिसतात तिथपासून लावली. आवाजाचं बटण अजून टोकाला होतं, हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं!"

सगळी सोसायटी दचकली. खाली पार्किंगमध्ये कुत्रं भुंकलं. खुर्चीतल्या आबांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट ठेवले. सईचं दार उघडलं. ती चौकटीत उभी राहिली. आणि पडद्यावरचे आबा, तेच मिश्कील हसून, माझ्याकडे बोट दाखवत, तीन मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"गाडी चुकली की माणसं आमच्यावर ओरडायची. उशीर त्यांचा, चूक त्यांची, आणि शिव्या आम्हाला. आमचा विनायक अगदी तसाच. पण अशी माणसं थोड्या वेळाने परत येतात चौकशीच्या खिडकीवर, मान खाली घालून. मग त्यांना पुढची गाडी सांगायची. दुसरं काय करणार?"

समोरच्या गॅलरीतून लेलेकाका ओरडले, "विनायकराव, आता शब्द न् शब्द कळतोय!"

फिल्म संपली. आबांनी डोळे पुसले आणि बोटाने खूण केली, पुन्हा लाव. मी ताम्हण घेऊन सईसमोर जाऊन उभा राहिलो, मान खाली घालून.

"चौकशीची खिडकी उघडी आहे का?"

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बंद आहे. वेळापत्रक बाहेर लावलंय, वाचा."

मी रांगेत उभा राहिलो. एकटा नव्हतो. ताम्हणात सहा देव होते, आणि माझ्यामुळे त्यांनाही बसायला जागा उरली नव्हती.