सोयाबीनमधले पेढे

नांदेडला विमान उतरवून अहमदपूरला घरी निघाले, की वाटेत सोयाबीनच्या ओल्या पानांचा वास येतो. एकेकाळी ज्याची लाज वाटली, ते मी आता ऐटीत सांगते.

शिकाऊ पायलट होते. पहिल्यांदाच एकटी उडणार, म्हणून वडील पेढे घेऊन आलेले. गवताची आखूड धावपट्टी पावसानं भिजली होती. विमान वेग घेईना, समोरच्या बाभळी जवळ येत राहिल्या. मी इंजिनाचा जोर कमी करायला थ्रॉटल मागे ओढला, ब्रेक दाबले. विमान पट्टी सोडून सोयाबीनमध्ये घुसलं, नाकावरचा पंखा वाकला.

मी रडतच उतरले. वडील चिखलातून धावत आले, मला चाचपलं आणि तिथंच पेढ्यांचा पुडा उघडून धावत आलेल्या शेतमालकापुढे धरला.

"इमान तर उडलंच न्हाई, पेढे कशाचे?" त्यानं विचारलं.

"पोरगी येळेवर थांबली, त्याचे."