वरचं दही, खालचं दूध

बर्फ बघायची हौस माझी. ह्यांना फक्त काहीतरी बनवायला निमित्त हवं होतं. जन्मभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडलेला माणूस, वर्कशॉप पोराच्या हाती दिल्यावर स्वस्थ बसतोय होय? जीपमागे ओढायची, आत दोघांना झोपता येईल अशी बंद ट्रॉलीच ह्यांनी उभी केली. छताला दुहेरी पत्रा आणि मध्ये चार बोटं थर्माकोल, भिंतींनाही तसंच. झोपायला वर एक फळी ह्यांची. माझे गुडघे शिडी चढत नाहीत म्हणून माझी गादी खाली, तळावरच.

मनालीला निघायच्या आधी पौषात पालीच्या धरणाजवळ एक मुक्काम करून पाहिला. सकाळी हे शाल बाजूला टाकत खाली उतरले आणि मी दोन वाकळा गुंडाळूनही कुडकुडत होते. पाठ गारठून गेली म्हटलं, तर माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "वय झालंय तुझं. तिकडची थंडी तुला सोसायची न्हाई."

दोन दिवसांनी ठरवूनही टाकलं. शेजारच्या गुरुजींना घेऊन जातो, तू घर बघ. मला राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण ते मला थोडं खरंच वाटायला लागलं होतं. चार दिवस मी आरशातसुद्धा नीट बघितलं नाही.

मग एका सकाळी दही लागलं नाही. रोज मी विरजणाचं भांडं थंडीत पिठाच्या डब्यावर, कापडात गुंडाळून ठेवते. आदल्या संध्याकाळी ते चुकून खाली फरशीवर राहिलं होतं. त्या पातळ दुधाकडे बघत मी बराच वेळ उभी राहिले.

गुरुजी जायच्या आधी मला एकदा त्या ट्रॉलीत झोपू द्या, असं मी ह्यांना म्हटलं. हे कबूल झाले. पुन्हा पालीलाच गेलो. संध्याकाळी एकाच पातेल्यातलं कोमट दूध दोन डब्यांत ओतलं, दोन्हींत सारखंच विरजण घातलं. एक डबा ह्यांच्या उशाशी फळीवर, दुसरा माझ्या उशाशी खाली. कशाला, असं विचारलं तर न्याहारीला म्हणून सांगितलं.

सकाळी दोन्ही डबे ह्यांच्यापुढे उघडून ठेवले. वरच्यात चमचा उभा राहत होता. खालच्यात दूध.

"तुमच्या दह्याचं वय कमी असंल," मी म्हणाले.

ह्यांनी माझी गादी उचलून तळावर हात ठेवला. तिथं ट्रॉलीचा नेहमीचाच उघडा पत्रा होता, खालून वारं लागत होतं. आम्हा बीडकरांचा जन्म पत्र्याखाली गेला. जाच होतो तो वरच्या उन्हाचा, म्हणून ह्यांनी वरून सगळं बंद केलं आणि खालचं ध्यानातच आलं नाही. नाचता येईना, अंगण वाकडं, आणि ते अंगण मी!

चुकलं म्हणायची ह्यांना सवय नाही. पण दोन दिवस ट्रॉलीखाली उताणं पडून तळाला थर्माकोल बसवला, वर प्लायवूड ठोकलं. तिसऱ्या मुक्कामाला माझ्या उशाशी डबा ह्यांनीच ठेवला. सकाळी मला जाग आली तेव्हा हे गुडघ्यावर बसून तो उघडत होते.

"लागलंय," म्हणाले. "घरी गेल्यावर गुरुजींना सांगून येतो."