यजमानांचा नंबर

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात गणित शिकवत होतो. फोन त्याच्या मेव्हण्याचा. "सर, दाजी गेले... बीडच्या दवाखान्यात पोचूस्तोवर बी टिकले न्हाईत." मी खडू खाली ठेवला आणि पोरांना म्हणालो, बसा रे गप. पोरं अगोदरच गप होती. आता महिना होत आला, तरी स्टाफरूममध्ये त्याच्या खुर्चीवर कुणी बसलं की माझं डोकं फिरतं. निवृत्तीची वाटसुद्धा न बघता निघून गेला लेकाचा!

नेकनूरजवळच्या आमच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा. एकाच मोटारसायकलवर आमचं येणंजाणं, आणि भांडण रोजचं. त्याचं खूळ एकच, विज्ञान प्रदर्शन. त्यातही हट्ट असा की पोरांच्या प्रयोगाला मास्तरानं हात लावायचा नाही. बाकीचे मास्तर शहरातल्या दुकानातून तयार मॉडेल आणायचे, पोरांकडून चार वाक्यं घोकून घ्यायचे आणि नंबर मारायचे. हा मात्र पोरानं चाक उलटं बसवलेलं दिसत असूनही नुसता उभा. "अरे, सांग की त्याला!" मी ओरडायचो. "कावून सांगू बे? फिरंना गेलं की कळंल त्याचं त्याला."

पाच-सहा वर्षांपूर्वी रेखा त्याच्या आठवीत होती. तिचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना आई घसरून पडली, ते तिनं डोळ्यानं बघितलेलं. म्हणून पोरीनं सायकलचं चाक, कप्पी आणि दोरी यांचं एक यंत्र केलं. ओबडधोबड होतं, रंगाचा पत्ता नव्हता, पण मोळी वर चढायची! दिगंबर तिच्या बापाला भेटायला घरी गेला. मीही होतो बरोबर. बाप म्हणाला, "गुरुजी, नंबर आला तर ठिवतो तिला चुलतीपाशी, शिकू द्या. न्हाईतर न्यावंच लागतंय, तिकडं धाकट्याला संबाळाया कुनी न्हाई." दिगंबर लई खूश झाला. येताना गाडीवर गाणं म्हणत होता, आणि त्याचा आवाज काही गाण्याचा नव्हता.

प्रदर्शन त्या साली दिवाळीआधीच होतं, तालुक्यातल्या एका बड्या संस्थेच्या शाळेत. ठाऊक नसेल त्यांना सांगतो, आमच्याकडे एक रीत आहे. जी शाळा मांडव घालते, सगळ्यांना जेवू घालते, तिला एक नंबर द्यायचा. कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना तोंडपाठ. जेवलात ना, मग मान ठेवा! सकाळचे पाहुणे दुपार टळल्यावर आले. मग सत्कार, शाली, नारळ, भाषणं... परीक्षक पोरांपर्यंत पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. रेखापुढं थांबल्यासारखं करून एकानं विचारलं, "हे कुणी करून दिलं?" "मीच केलंय, सर." "बरं बरं," आणि मंडळी पुढं. मोळी चढवून दाखवायला तिनं दोरी धरली होती, ती तशीच हातात राहिली. पहिला नंबर यजमानांच्या यंत्रमानवाला मिळाला. तो चालूसुद्धा झाला नव्हता हो, त्याचे सेल संपलेले!

दिगंबर स्टेजपाशी गेला आणि म्हणाला, गुण वाचून दाखवा. संयोजक हसून म्हणाले, "सर, आमची जिलेबी गोड लागली न्हाई का?" सगळा मांडव हसला. माझ्या अंगाची लाही झाली.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीची टोळी निघाली. ट्रॅक्टरमध्ये भांड्याकुंड्यांत रेखा बसली होती, मांडीवर धाकटा भाऊ. दिगंबर बापाला म्हणाला, "पुढच्या साली तरी..." बाप म्हणाला, "बगू की, गुरुजी." ती परत वर्गात आलीच नाही. पुढं टोळीतल्याच एका पोराशी तिचं लग्न लावून दिल्याचं कानावर आलं. दिगंबरनं वरपर्यंत तक्रारी केल्या. त्याचं फळ म्हणजे आमच्या पोरांना दर प्रदर्शनात संडासाशेजारचं टेबल. तरी तो पोरं नेत राहिला. "कशाला हसं करून घेतो बे?" मी म्हणायचो. "पोरं करत्यात तवर नेनार." पण रेखाचं नाव निघालं की उठून जायचा. दवाखान्यानं कारण हृदयाचं लिहिलं. लिहू दे. त्याला आतून काय खात होतं ते मी बघितलंय.

मागच्या आठवड्यात पुन्हा प्रदर्शन झालं. संयोजकांना मेलेल्या माणसाचा एकदम उमाळा आला आणि त्यांनी दिगंबरच्या नावाची फिरती ढाल काढली. ती द्यायला त्याच्या बायकोला, शांतावहिनींना, स्टेजवर बोलावलं. नंबर कुणाचा? यजमानांचाच! समोर दोन लेकरं हात पुढं करून उभी. वहिनींनी माइकपाशीच विचारलं, "लेकरांनो, तुमी केलंय का रं हे?" लेकरं भाबडी. एक म्हणालं, "न्हाई काकू, सरांनी आणलंय. आमी नुसतं बोललो." वहिनींनी त्याच्या गालावरून हात फिरवला, ढाल छातीशी धरली आणि पायऱ्या उतरल्या. संयोजक मागं धावले, "वहिनी, ढाल समितीची हाय!" "नाव माज्या मालकाचं हाय," वहिनी म्हणाल्या आणि नेकनूरची बस धरली.

ढाल आता दिगंबरच्या खोलीत, त्याच्या खाटेवर आहे. विजेत्यांची नावं कोरायला तिच्यावर बारक्या पितळी पट्ट्या आहेत, सगळ्या कोऱ्या. परवा गेलो तेव्हा वहिनी पदरानं ती पुसत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, पहिल्या पट्टीवर रेखाचं नाव कोरून आणू का बीडहून?"

पहिली पट्टी पुसत त्या म्हणाल्या, "आना की, भाऊजी. पन तिला दावायला कुटं जायचं? ती कोनत्या उसाच्या फडात हाय, ते तिच्या आईला बी ठावं न्हाई."