चार पिना
गंजलेल्या पिनेचा वास आला की मला ती एकवीस किलोमीटरची शर्यत आठवते. कॉम्प्युटर कंपनीत लागलेल्या मुलानं माझं नाव घातलं होतं. छातीवर नंबर लावायला बायकोनं मंगळसूत्राला अडकवलेल्या चार पिना काढून दिल्या. म्हणाली, "या वयात पळताय, पाठी कोण लागलंय? आणि पिना परत द्या." सरबत घेऊन ती नदीच्या पुलावर थांबणार होती. पंधरा किलोमीटर पळून मी पुलावर आलो, तर ती कठड्याला टेकून खाली बसलेली. तोंड पांढरंफटक, कपाळावर घाम. आमच्या घरापासून पूल हाकेच्या अंतरावर, तरी धाप माझ्यापेक्षा तिलाच जास्त. मी जागच्या जागी पाय हलवत विचारलं, "काय गं?" "काही नाही हो. थांबू नका, वेळ जाईल." मी सरबत प्यायलो, रिकामा पेला तिच्याच हातात दिला आणि पळालो. पुढं शेवटपर्यंत मला तिचीच धाप ऐकू येत होती, तरी मागं फिरलो नाही. ती दिवाळी तिनं पाहिली नाही. पदक कुठं पडलंय ठाऊक नाही. पिना मात्र अजून त्या बनियनलाच आहेत, परत द्यायच्या राहिल्या.