आईने घेतलेलं नाव

सगळं गाव एका बाजूला असताना दुसऱ्या बाजूचं नाव मोठ्याने घ्यायची तुमची छाती होईल?

आज नवी पेठेतल्या प्रचाराच्या खोलीवर कार्यकर्ते पत्रकं चिकटवायला खळ शिजवत होते. शिजत्या पिठाचा तो वास आला आणि बाहत्तर सालची विधानसभेची निवडणूक आठवली; तेव्हा आमच्या घरीही अशीच खळ शिजायची. आमच्या गावात तेव्हा मत म्हणजे पाटील सांगतील ते. त्यांच्या उमेदवाराविरुद्ध माझे वडील, अप्पा, एकटे उभे होते.

मतदानाला मी आईचा पदर धरून शाळेत गेले. यादी घेऊन बसलेल्या मतदान केंद्राच्या साहेबांनी तिला नवऱ्याचं नाव विचारलं. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. पाटलांचा माणूसच ते सांगायचा, आणि शिक्का कुठे मारायचा तेही.

"वैनी, तुमी गप ऱ्हावा, मी सांगतो की," तो म्हणाला.

"तुमी कशाला? नवरा माझा हाय," आई म्हणाली, आणि खणखणीत आवाजात तिने सांगितलं, "निवृत्ती केरबा गवळी!"

"ओ साहेब, ही हितंच उमेदवाराचा प्रचार करायलीय!"

"मग नाव इचारलंच कशाला?"

सगळी रांग हसली. आईमागच्या म्हातारीनेही त्या माणसाला हाताने बाजूला सारलं आणि आपल्या नवऱ्याचं नाव स्वतः घेतलं.

अप्पा हरले. मला तेव्हा ती नुसती गंमत वाटली होती. आता वाटतं, त्या निवडणुकीतलं सगळ्यांत मोठं भाषण आईनेच केलं.

येत्या रविवारी मतदान आहे. नाव आपल्या तोंडाने सांगा, शिक्काही आपल्याच मनाने मारा.