चालढकलीचा बोर्ड

ऑइल पेंटचा डबा उघडा राहिला की वर साय धरते. आमच्या दुकानात तसे किस्से धरतात. एक काढून फेकावा, तर खाली दुसरा ताजा!

दुकान चौसाळ्यात, हायवेला लागून. मालक नाना पेंटर, त्यांचे जुने जोडीदार रशीदभाई, आणि चित्रकलेचा डिप्लोमा करून पाट्या रंगवणारी मी. फ्लेक्स आले तरी शाळेच्या भिंती, ट्रकच्या पाठी, गेटवरची नावं अजून आमच्याकडेच येतात. येतात वेळेवर, जातात कधीतरी!

या 'कधीतरी'चंच मी चित्र करायला घेतलंय. चार बाय सहाचा कॅनव्हास आणि त्यावर दुकानातल्या सबबी, ठळक पाटीच्या अक्षरांत. 'वाटेतच हाय.' 'उद्या सकाळी पहिलं तुमचंच.' 'ब्रश भिजत घातलाय.' संभाजीनगरच्या एका प्रदर्शनात कच्च्या आराखड्यावर निवड झाली. पूर्ण चित्र पाठवायची तारीख मी दोनदा वाढवून घेतलीये. तिसऱ्यांदा फोन करायचाय. उद्या करीन.

* * *

कपिलधारकडच्या एका पाटलांनी गेटवर 'सुस्वागतम्' लिहायला सांगितलं होतं. लेकीचं लग्न होतं. नानांनी 'सुस्वा' लिहिलं आणि दुसऱ्या कामाला गेले.

बऱ्याच दिवसांनी पाटील स्वतः दुकानात. "नाना, लेक सासरी जाऊन नातू बी आला. आता बारशाला तरी पुरं करता का?"

नाना शांत. "बरंच झालं की पाटील. लग्नात केलं असतं, तर आता रंग जुना दिसला असता!"

पाटलांनी बारशाचं आमंत्रण दिलं. नाना जेवायला गेले. ब्रश दुकानातच राहिला.

* * *

त्याहून भारी शाळेची भिंत. सुविचार होता, 'वेळ अमूल्य आहे, ती वाया घालवू नका.' नानांनी 'वेळ अमूल्य आहे, ती' एवढं लिहिलं. पुढच्या भागाला ओल होती. "वाळू द्या सर, येतोच."

भिंत वाळली. नाना काही गेले नाहीत. अख्खं वर्ष पोरं तेवढंच वाचत होती.

मग तपासणीला साहेब आले. त्यांनी पाचवीतल्या एका मुलीला उभं केलं. "वेळ अमूल्य आहे, ती... पुढं काय?"

मुलगी म्हणाली, "ते पेंटर आल्यावर कळंल, सर!"

* * *

दुसऱ्यांना हसणं सोपं. मी स्वतः त्या कॅनव्हासला चार वेळा प्रायमर मारलाय. एकदा हात नीट बसला नाही म्हणून, एकदा माशी चिकटली म्हणून, आणि दोनदा का, ते मलाही सांगता येत नाही.

रशीदभाईंनी बोटानं ठोकून बघितला. "ताई, इसपे लिखना छोडो. इसपे घर बांध लो!"

* * *

पण खरी ढकललेली गोष्ट कॅनव्हासवर नव्हतीच. ती माझ्या पायाशी बसून खडूनं फरशीवर रेघा मारत असायची. ओवी, माझी मुलगी. पावणेतीन वर्षांची, आणि बोलायची मोजके चार शब्द. आई, पाणी, नको, भूभू. तिच्या वयाची शेजारची पोरगी भांडायची, चहाड्या करायची. ते ऐकून रोज मी म्हणायचे, हे चित्र झालं की बीडला डॉक्टरांकडे नेते.

चित्र होईना. खरं सांगायचं तर डॉक्टर काय म्हणतील याचीच भीती होती. चित्र आपलं सोयीचं.

सासूबाई म्हणायच्या, "कावून घाबरती? तिचा बाप बी लई उशिरा बोलला. आता गप बसतोय का?"

मी हसले, आणि तेही कॅनव्हासच्या यादीत लिहून टाकलं. चांगली सबब होती!

शेवटी नानाच एका सकाळी ओरडले, "त्या ब्रशला आज हात लावू नको! आधी लेकीला घेऊन जा." मी म्हटलं, "उद्या जाते नाना." तर म्हणाले, "उद्याचं दुकान माझं हाय. तुझं न्हाई."

मी गेले.

* * *

डॉक्टरबाईंच्या केबिनमध्ये मी सगळं एका दमात सांगितलं. कधी पालथी पडली, कधी चालली, मोबाईल किती बघते, मी किती वेळ दुकानात असते. बाई ऐकून घेत होत्या. ओवीनं तेवढ्यात टेबलावरचं प्रिस्क्रिप्शनचं पॅड ओढलं होतं आणि पेन मुठीत धरून, जीभ बाहेर काढून, रेघा मारायचं काम चालू होतं.

"ओवी बाळा," बाईंनी टॉर्च हातात घेतला, "इकडे ये बरं. आ कर."

ती हलली नाही.

"ओवी?"

मी उठून तिला उचलणार, तेवढ्यात तिनं मान वर न करता डावा हात आम्हा दोघींच्या दिशेनं उभा धरला.

"थांब गं जरा. एवढी ओळ होऊ दे, मग येते."

बाईंनी टॉर्च खाली ठेवला. आम्ही दोघी थांबलो.