कपभर चहाची परीक्षा

मुलांनो, तुमच्या आजोबांनी सत्तरीत लाकडी खेळणी करायचं मनावर घेतलं. टेबलावर मावेल असा स्वस्तातला बँडसॉ, म्हणजे विजेवर फिरणाऱ्या पट्टीची करवत, घ्यायला आम्ही भंडाऱ्याला गेलो. मला काळजी त्यांच्या बोटांची होती, त्यांना मशीनच्या रंगाची.

मी वहीत तक्ता आखून नेला होता: मोटर, पट्टी, वॉरंटी. दुकानदाराने चहा मागवला आणि एका लाल मशीनची आरती सुरू केली. आजोबा तिच्याकडे नवरदेवासारखे पाहत होते.

शेजारी अड्याळचा एक सुतार पट्टी घ्यायला आला होता. कानावर पेन्सिल, मिशीत भुसा. न विचारता त्याने माझ्या हातातला भरलेला कप घेतला, लाल मशीनवर ठेवला आणि बटण दाबलं. मशीन थरथरली, चहा सांडला.

"काहून जी, नव्या मशीनले आंघोळ घालून राहिले का?" दुकानदार ओरडला.

सुतार माझ्याकडे वळला. "मावशी, जे मशीन चहा सांडवते, थे बोटं कायले सोडन?"

मग कोपऱ्यातल्या स्वस्त, जड, राखाडी मशीनवर त्याने आजोबांचा कप ठेवला. चहा जेमतेम हलला. "हे न्या," म्हणत त्याने तो चहा स्वतःच पिऊन टाकला आणि निघून गेला. नाव विचारायचं राहिलं. माझ्या तक्त्यात चहाचा रकानाच नव्हता.

आता आजोबा रोज मशीनवर आधी कप ठेवून पाहतात, मग लाकूड. सोबत पाठवलेल्या हत्तीला तीनच पाय आहेत, पण आजोबांची दहाही बोटं शाबूत आहेत.